‘कम्प्लाय’ लिहिताना ‘विथ’ कुठे गळतं: एक इंग्रजी क्रियापद नीट बसवून घेण्याची पद्धत

माझ्याकडे तपासायला येणाऱ्या इंग्रजी पत्रांत ही तीन वाक्यं इतक्यांदा असतात, की पहिला शब्द दिसताच लाल पेन हातात येतं:

‘वुई हॅव कम्प्लाइड युवर नोटिस.’
‘द ऑर्डर इज कम्प्लाइड.’
‘वुई हॅव कम्पाइल्ड विथ ऑल द पॉइंट्स.’

तिन्ही चुकीची आहेत. पहिल्यात मधला शब्द गळलाय, दुसऱ्यात तोच शब्द शेवटी गळलाय आणि तिसऱ्यात दोन अक्षरांची जागा बदलल्यामुळे भलतंच क्रियापद येऊन बसलंय. लिहिणारे नवखे असतात असंही नाही. सोसायटीचे सेक्रेटरी, वकिलांचे कारकून, बँकेतले अधिकारी असे रोज इंग्रजी लिहिणारेच हे लिहितात. ‘कम्प्लाय म्हणजे पूर्तता करणे’ एवढं एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं वाक्य आपण मराठीच्या सांगाड्यावर रचतो. ‘नोटिशीची पूर्तता केली’ या मराठी वाक्यात नोटिशीला नुसता ‘ची’ लागतो. त्यामुळे इंग्रजीतही नोटीस क्रियापदाला थेट चिकटवली जाते.

खालच्या पायऱ्या दिल्या आहेत त्याच क्रमाने करा. बरेच जण थेट पत्र लिहायला बसतात आणि अर्थाच्या पायरीवर परत येतच नाहीत. तिथेच गडबड होते.

आधीची तयारी

वहीचं एक कोरं पान घ्या. या क्रियापदाला एक पूर्ण पान द्यायचंय, त्यामुळे शब्दांच्या यादीत कोपऱ्यात लिहू नका.

मग घरातली आणि ऑफिसातली कागदपत्रं काढा: भाडेकरार, विमा पॉलिसीच्या अटी, बँकेचं पत्र, सोसायटीला आलेली नोटीस, नोकरीचं नेमणूकपत्र. यांतून ‘कम्प्लाय’ किंवा ‘कम्प्लायन्स’ असलेली निदान आठ-दहा वाक्यं शोधा आणि जशीच्या तशी पानावर उतरवा. वाक्यं स्वतः बनवू नका. आत्ता बनवलीत तर जुनी चूकच पक्की होईल. आपल्याकडच्या पत्रांतही ही चूक भरपूर असते, म्हणून निम्मी वाक्यं छापील करारांतून किंवा कायद्यांतून घ्या, सगळी आतल्या पत्रव्यवहारातून नकोत.

शब्दकोश इंग्रजी-मराठी नको. शिकणाऱ्यांसाठी केलेला इंग्रजी-इंग्रजी शब्दकोश घ्या. केंब्रिजचा इंटरनेटवर फुकट आहे. त्यात या शब्दाशेजारी दोन खुणा दिसतील. एक ‘फॉर्मल’, म्हणजे शब्द औपचारिक आहे. दुसरी चौकटी कंसातलं एकटं ‘आय’ अक्षर, म्हणजे क्रियापद अकर्मक आहे. लोक अर्थ वाचतात आणि ही दोन्ही चिन्हं ओलांडून पुढे जातात. आपल्या तीनपैकी दोन चुकांचं उत्तर त्या एका अक्षरात आहे.

*तपासा:* पानावर आठ खरी वाक्यं आहेत का? प्रत्येकात ‘कम्प्लाय’च्या मागून काय येतं त्याखाली रेघ मारली का? मारली असेल तरच पुढे जा.

पायरी १: मराठी अर्थ बाजूला ठेवून अट लक्षात घ्या

‘कम्प्लाय’ला मराठीत तीन शब्द चालवले जातात: पालन, पूर्तता आणि सरकारी कागदांत अनुपालन. तिन्ही बरोबर आहेत, पण एकही पूर्ण पुरत नाही. ‘पालन’ म्हटलं की शिस्त आणि व्रत डोळ्यांपुढे येतं. आजी एकादशी पाळते, तिथे इंग्रजीत ‘कम्प्लाय’ येणार नाही, ‘ऑब्झर्व्ह’ येईल. ‘पूर्तता’ म्हटलं की राहिलेलं पुरं करणं. वचनपूर्तीला ‘फुलफिल’ लागतं, तिथेही ‘कम्प्लाय’ चालत नाही. ‘अनुपालन’ त्यातल्या त्यात जवळचं, पण ते आपण फक्त कागदावर वापरतो, म्हणून त्याचा कानाला उपयोग नाही.

त्याऐवजी एक अट पाठ करा: आधी दुसऱ्या कोणीतरी काहीतरी मागितलेलं, फर्मावलेलं किंवा ठरवून दिलेलं असलं पाहिजे, आणि नंतर त्याप्रमाणे केलं किंवा झालं पाहिजे. मागणारा कोर्ट असेल, महापालिका असेल, घरमालक असेल किंवा छापील नियम असेल. मागणी आधी, ‘कम्प्लाय’ नंतर. मागणीच नसेल तर हे क्रियापद नाही.

आणखी एक बारकावा आहे. ‘कम्प्लाय’मध्ये मनापासून पटलंय की नाही याचा प्रश्न येत नाही. माणूस कुरकुरत, निषेध नोंदवून, वरच्या कोर्टात अपील ठेवूनही ‘कम्प्लाय’ करू शकतो. ‘वुई आर कम्प्लाइंग अंडर प्रोटेस्ट’ हे वाक्य म्हणूनच शक्य आहे. ‘पालन’ या शब्दातली निष्ठा इथे आणू नका.

*तपासा:* या चार मराठी वाक्यांपैकी कुठे ‘कम्प्लाय’ बसेल? (क) त्याने आईला दिलेलं वचन पाळलं. (ख) भाडेकरूने करारातली पाळीव प्राण्यांची अट पाळली. (ग) पोलिसांनी गाडी बाजूला घ्यायला सांगितली, त्याने घेतली. (घ) आम्ही दरवर्षी गणपती दीड दिवसांचा ठेवतो. उत्तर ख आणि ग. ‘क’ बसेल असं वाटलं असेल तर पायरी पुन्हा वाचा. वचन आपणच दिलेलं असतं, त्यात दुसऱ्याची मागणी नाही.

पायरी २: ‘विथ’ची जागा

ही सगळ्यात मोठी पायरी आहे. हिला सलग दोन दिवस द्यायला हरकत नाही.

*पहिला नियम.* कशाप्रमाणे केलं ते सांगायचं असेल तर ‘विथ’ लागतंच. ‘वुई कम्प्लाइड विथ द नोटिस.’ ‘टू’ चालत नाही, ‘बाय’ चालत नाही, आणि काहीच न लावणं तर नाहीच. ‘टू’ येतं ते ‘अॅडहिअर’ या क्रियापदावरून, ‘बाय’ येतं ‘अबाइड’वरून. ही मंडळी एकाच गल्लीत राहतात, म्हणून एकाचं शेपूट दुसऱ्याला लागतं.

*दुसरा नियम.* कशाप्रमाणे ते सांगायचंच नसेल, मागच्या वाक्यातून कळत असेल, तर ‘विथ’ नको. ‘ही वॉज आस्क्ड टू लीव्ह, बट ही रिफ्यूज्ड टू कम्प्लाय.’ इथे वाक्य ‘कम्प्लाय’वर संपतं आणि ते पूर्ण आहे. पहिला नियम फार पाठ झाला की लोक इथेही ‘विथ’ लोंबकळत ठेवतात.

*तिसरा नियम, आणि इथे जवळजवळ सगळे पडतात.* वाक्य उलटं केलं, म्हणजे आदेश किंवा नोटीस कर्त्याच्या जागी आणली, तरी ‘विथ’ जात नाही. ते शेवटी एकटं उभं राहतं: ‘द ऑर्डर हॅज बीन कम्प्लाइड विथ.’ आपल्याला ते अर्धवट वाटतं. ‘विथ काय?’ असं विचारावंसं वाटतं, म्हणून हात ते खोडतो. खोडू नका. तो ‘विथ’ वाक्याच्या डोक्यावर बसलेल्या ‘ऑर्डर’चा आहे. ऑर्डर पुढे गेली, ‘विथ’ मागे राहिलं. ‘बीन’ आणि शेवटचं ‘विथ’ या दोघांच्या मध्ये ‘कम्प्लाइड’, असा तीन शब्दांचा गठ्ठाच पाठ करा: बीन कम्प्लाइड विथ.

*चौथा नियम.* ‘ज्या अटी पाळायच्या आहेत त्या’ असं म्हणताना दोन रस्ते आहेत: ‘द कंडिशन्स विथ व्हिच द टेनंट मस्ट कम्प्लाय’ किंवा ‘द कंडिशन्स व्हिच द टेनंट मस्ट कम्प्लाय विथ’. पहिला जास्त औपचारिक, दुसराही बरोबर. दोन्हीकडे ‘विथ’ लावून ‘विथ व्हिच द टेनंट मस्ट कम्प्लाय विथ’ असं करू नका. हेही येतं माझ्याकडे.

*पाचवा नियम.* एका वाक्यात दोन क्रियापदं आणि कर्म एकच असेल तर काय? याचा सुरेख नमुना स्थावर संपदा कायद्यात, म्हणजे २०१६च्या रेरा कायद्यात आहे. त्याचं कलम ६३ प्राधिकरणाचे आदेश न मानणाऱ्या प्रवर्तकाबद्दल, म्हणजे बिल्डरबद्दल आहे. तिथले शब्द असे आहेत: ‘फेल्स टू कम्प्लाय विथ, ऑर कॉन्ट्राव्हीन्स एनी ऑफ द ऑर्डर्स’. ‘विथ’नंतर स्वल्पविराम, मग दुसरं क्रियापद (‘कॉन्ट्राव्हीन’, म्हणजे उल्लंघन करणे), आणि ‘ऑर्डर्स’ दोघांत सामायिक. ‘कॉन्ट्राव्हीन’ला कुठलंच ‘विथ’ लागत नाही, पण म्हणून मसुदाकाराने ‘कम्प्लाय’चं ‘विथ’ सोडलेलं नाही. घरचं लग्न आणि पाहुण्यांची पंगत एकाच मांडवात असली तरी ज्याचं ताट त्याच्यापुढेच ठेवायचं असतं, तसं. हे वाक्य वहीत उतरवून घ्या.

> सावधान: संगणकातला व्याकरण तपासणारा प्रोग्रॅम ‘कम्प्लाइड द नोटिस’खाली बहुधा रेघ मारतो, पण ‘द ऑर्डर हॅज बीन कम्प्लाइड’ अनेकदा तसंच सोडतो. तिसऱ्या नियमासाठी त्याच्यावर विसंबू नका.

*तपासा:* पानावरच्या आठ वाक्यांपैकी कुठली उलटी आहेत? सरळ असलेली दोन वाक्यं उलटी करा, उलटी असलेली सरळ करा. प्रत्येक वेळी ‘विथ’वर बोट ठेवून मोठ्याने वाचा. बोट कुठेच ठेवता आलं नाही तर वाक्य चुकलंय.

पायरी ३: ‘विथ’नंतर कोण बसू शकतं

‘विथ’ लागलं म्हणजे सुटलो असं नाही. त्याच्यापुढे मागणीच्या जातीचंच नाम यावं लागतं. ऑर्डर, नोटिस, डायरेक्शन, रूल, लॉ, कंडिशन, रिक्वेस्ट, रिक्वायरमेंट, टर्म्स, स्टँडर्ड, बायलॉज ही सगळी निश्चिंतपणे बसतात.

आता आपल्याकडे हमखास बसवली जाणारी, पण न बसणारी नामं बघू.

क्वेरी. लेखापरीक्षकाने प्रश्न विचारला तर त्याला उत्तर द्यायचं असतं. ‘रिप्लाय टू द क्वेरी’ किंवा ‘आन्सर द क्वेरी’ म्हणा. ‘कम्प्लाय द क्वेरी’ हे मराठीतल्या ‘शंकांची पूर्तता’चं जसंच्या तसं केलेलं इंग्रजी आहे.

ऑब्जेक्शन. कोर्टाच्या कचेरीने याचिकेवर त्रुटी काढल्या की आपण ‘त्रुटींची पूर्तता’ करतो. इंग्रजीत त्रुटी दूर करतात: ‘रिमूव्ह द ऑब्जेक्शन्स’, ‘क्युअर द डिफेक्ट्स’. हरकतीप्रमाणे वागायचं नसतं, हरकत उरू द्यायची नसते.

डॉक्युमेंट्स. ‘प्लीज कम्प्लाय द केवायसी डॉक्युमेंट्स’ हे वाक्य मी बँकेच्या मेसेजमध्ये वाचलंय. कागद ‘सबमिट’ करतात. कागद मागणारी अट असेल तर त्या अटीला ‘कम्प्लाय विथ’ करतात.

माणूस. ‘आय विल कम्प्लाय विथ यू’ नको. ‘आय विल कम्प्लाय विथ युवर रिक्वेस्ट’ हवं. साहेबांना कम्प्लाय करत नाहीत, साहेबांच्या सूचनेला करतात.

डेडलाइनचं जरा वेगळं आहे. ‘कम्प्लाय विथ द डेडलाइन’ चूक नाही, पण ‘मीट द डेडलाइन’ जास्त सहज आहे. मी बदलून देते, कोणी हट्ट धरला तर तसंच सोडते.

पायरी ४: कर्ता निर्जीव असू शकतो

हा भाग मराठी माणसाला सुचत नाही, कारण पालन करायला जीव लागतो असं आपली भाषा मानते. ‘इमारत नियम पाळत नाही’ असं आपण म्हणत नाही. ‘इमारत नियमानुसार नाही’ म्हणतो. इंग्रजीत ‘द बिल्डिंग डझ नॉट कम्प्लाय विथ द फायर सेफ्टी रूल्स’ हे अगदी सरळ वाक्य आहे. वायरिंग, हेल्मेट, फटाका, वेबसाइट, फॉर्म यांतलं काहीही ‘कम्प्लाय’ करू शकतं किंवा करत नाही. इथे अर्थ ‘प्रमाणे असणे’ असा होतो, ‘प्रमाणे करणे’ असा नाही.

वाचतानाही याचा उपयोग आहे. नोटिशीत कर्ता ‘द सोसायटी’ आहे की ‘द स्टेअरकेस’, ते बघा. पहिल्यात तुम्ही काही केलेलं नाही असा आरोप आहे. दुसऱ्यात जिन्याची रुंदीच नियमात बसत नाही, आणि ते कदाचित बिल्डरचं पाप असेल. उत्तर त्याप्रमाणे बदलतं.

पायरी ५: काळ चुकला तर पत्र अंगावर येतं

व्याकरणाची चूक झाली तर फार तर कोणी हसेल. काळाची चूक झाली तर तुमच्याच सहीचा कागद तुमच्याविरुद्ध वापरला जाऊ शकतो.

‘वुई हॅव कम्प्लाइड विथ द ऑर्डर’ म्हणजे सगळं झालेलं आहे, आज, या क्षणी. ‘वुई आर कम्प्लाइंग’ म्हणजे सध्या सुरू आहे. ‘वुई विल कम्प्लाय’ म्हणजे अजून केलेलं नाही याची कबुली आणि पुढचं आश्वासन. आपण मराठीत उद्या व्हायच्या कामालाही ‘झालंच समजा’ म्हणतो. तीच सवय इंग्रजीत आली की अर्धं काम बाकी असताना ‘हॅव कम्प्लाइड’ लिहिलं जातं.

समोरून आलेल्या कागदात ‘शॅल कम्प्लाय’ असेल तर ते भविष्यकाळाचं साधं वाक्य नाही, सक्ती आहे. ‘फेल्स टू कम्प्लाय’ दिसलं की वाचणं थांबवू नका, कारण त्यापुढे शिक्षा येते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९च्या कलम ७२ची सुरुवातच ‘हूएव्हर फेल्स टू कम्प्लाय विथ एनी ऑर्डर’ अशी आहे. ग्राहक आयोगाचा आदेश न पाळणाऱ्याला किमान १ महिना ते कमाल ३ वर्षं कैद, किंवा किमान २५,००० ते कमाल १ लाख रुपये दंड, किंवा दोन्ही, असं ते कलम सांगतं. ‘फेल’ म्हणजे इथे प्रयत्न करून अपयश आलं असा अर्थ घेऊ नका. ‘फेल्स टू कम्प्लाय’ म्हणजे केलं नाही, एवढंच. प्रयत्न केला होता की नाही हा पुढचा वाद.

*तपासा:* पत्रातलं प्रत्येक ‘हॅव कम्प्लाइड’ शोधा. त्याच्या शेजारी तारीख आणि पुरावा लिहिता येतो का? येत नसेल तर काळ बदला.

पायरी ६: कुटुंबातली बाकीची माणसं

नाम ‘कम्प्लायन्स’. त्यालाही ‘विथ’च लागतं: ‘कम्प्लायन्स विथ द ऑर्डर’, ‘इन कम्प्लायन्स विथ द ऑर्डर’. आपल्या मराठीतला ‘चं’ इथेही डोकावतो आणि ‘कम्प्लायन्स ऑफ द ऑर्डर’ होतं. खरं सांगायचं तर आपल्याकडच्या कचेऱ्यांत आणि कोर्टांत हे ‘ऑफ’ सर्रास चालतं, म्हणून साहेबांच्या मसुद्यात दिसलं तर भांडायला जाऊ नका. स्वतःच्या पत्रात मात्र ‘विथ’ लिहा.

विशेषण ‘कम्प्लायंट’, नकार ‘नॉन-कम्प्लायन्स’. उच्चार करताना जोर ‘प्लाय’वर द्या. ‘कॉम्प्ली’ असा उच्चार मी मुलाखतीला निघालेल्या एका हुशार मुलाच्या तोंडून ऐकलाय. शब्द फक्त वाचून शिकला की असं होतं.

आता स्पेलिंग. दोन सापळे आहेत आणि दोन्हींत स्पेलिंग तपासणारा प्रोग्रॅम गप्प बसतो, कारण चुकून तयार होणारा शब्दही इंग्रजीत खरा असतो.

पहिला: ‘कम्प्लाइड’ आणि ‘कम्पाइल्ड’. पहिल्यात पी-एल-आय, दुसऱ्यात पी-आय-एल. ‘एल’ आणि ‘आय’ यांची अदलाबदल झाली की ‘आदेशाप्रमाणे केलं’चं ‘आदेशासोबत संकलन केलं’ होतं.

दुसरा: ‘कम्प्लायंट’ आणि ‘कम्प्लेंट’. पहिल्यात एल-आय-ए, दुसऱ्यात एल-ए-आय. ‘आमची सोसायटी नियमानुसार आहे’ असं लिहायला गेलेल्या एका गृहस्थांनी ‘आमची सोसायटी ही तक्रार आहे’ असं लिहून दिलं होतं. सभासदांना विचारलं असतं तर तेही खरंच ठरलं असतं.

> उपाय: पत्र झालं की शोधायच्या चौकटीत ‘कम्पाइल्ड विथ’ टाका. जिथे सापडेल तिथे जवळजवळ नक्की चूक आहे. मग ‘कम्प्लेंट’ शोधा आणि प्रत्येक ठिकाणी खरंच तक्रार आहे का बघा. दोन मिनिटांचं काम आहे.

पायरी ७: शेजारी ओळखून ठेवा

इथे फार वेळ घालवू नका. चारच जण पुरेत. ‘ओबे’ला काहीच लागत नाही, आणि ते माणसालाही चालतं: मूल आईला ‘ओबे’ करतं. ‘अबाइड’ला ‘बाय’, बहुतेक निर्णय किंवा नियम मान्य करून राहण्यासाठी. ‘अॅडहिअर’ला ‘टू’, धरून राहणं: वेळापत्रक, तत्त्व, आहार. ‘फुलफिल’ला काही नाही: वचन, अट, स्वप्न. यांतला कुठला वापरायचा अशी शंका आली तर पायरी १ची अट लावा. दुसऱ्याची ठोस मागणी आणि त्याप्रमाणे कृती असेल तर ‘कम्प्लाय’.

पायरी ८: एक पत्र समोर ठेवून

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ प्रमाणे इमारतीतली अग्निसुरक्षा यंत्रणा चालू असल्याचा फॉर्म बी वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यावा लागतो. त्यामुळे शहरातल्या सोसायट्यांना अग्निशमन विभागाशी पत्रव्यवहार काही चुकत नाही. समजा, ५ जूनच्या नोटिशीत तीन मुद्दे आहेत: सिलिंडर भरून घ्या, जिन्यातलं सामान हटवा, पंप दुरुस्त करा. पहिली दोन कामं झाली, पंप बाकी आहे. सेक्रेटरींचा मसुदा साधारण असा येतो:

‘वुई हॅव कम्प्लाइड ऑल द पॉइंट्स ऑफ युवर नोटिस. द पम्प विल बी रिपेअर्ड शॉर्टली. काइंडली ट्रीट अवर सोसायटी अॅज कम्प्लेंट.’

तीन ओळी, तीन दुखणी. पहिल्या वाक्यात ‘विथ’ नाही. ‘ऑल’ खोटं आहे आणि त्याचा पुरावा पुढच्याच वाक्यात आहे, तोही आपल्याच हातचा. शेवटी सोसायटी म्हणजे तक्रार. दुरुस्त करताना शब्द बदलण्याआधी मुद्दे वेगळे करा: काय झालं, कधी झालं, काय राहिलं, कधी होईल. मग लिहा:

‘वुई रेफर टू युवर नोटिस डेटेड ५ जून. वुई हॅव कम्प्लाइड विथ पॉइंट्स १ अँड २. द एक्स्टिंग्विशर्स वेअर रिफिल्ड ऑन १२ जून, अँड द स्टेअरकेस वॉज क्लिअर्ड ऑन १४ जून. पॉइंट ३ हॅज नॉट यट बीन कम्प्लाइड विथ. द वर्क ऑर्डर फॉर द पम्प हॅज बीन इश्यूड, अँड वुई विल कम्प्लाय विथ धिस पॉइंट बाय १५ जुलै. वुई रिक्वेस्ट टाइम टिल दॅट डेट.’

यात ‘कम्प्लाय’ तीनदा आलंय आणि तिन्ही वेळा वेगळ्या रूपात: झालेलं, न झालेलं आणि उलटं, होणार असलेलं. ‘विथ’ तिन्ही ठिकाणी आहे. ‘शॉर्टली’ गेलं आणि तारीख आली. ‘काइंडली ट्रीट’ हे वाक्य मी सरळ काढून टाकलं. आपण नियमात बसतो की नाही हे विभाग ठरवेल, आपण मागून ते मिळत नाही.

हाच सराव आता तुमच्या घरच्या एखाद्या कागदावर करा. नोटीस नसेल तर भाडेकरारातल्या तीन अटी घ्या आणि घरमालकाला असंच पत्र लिहा. पाठवायचं नाही, फक्त लिहायचं.

पायरी ९: कुठे वापरू नये

एवढं शिकल्यावर हा शब्द जिथे तिथे काढायचा मोह होतो. मावशीने येताना कोथिंबीर आण म्हटलं आणि तुम्ही व्हॉट्सअॅपवर ‘कम्प्लाइड’ लिहिलं, तर तो विनोद म्हणूनच ठीक. सहकाऱ्याला ‘आय डिड व्हॉट यू आस्क्ड’ म्हणा. डॉक्टरांच्या सल्ल्याला रोजच्या बोलण्यात ‘फॉलो’ पुरेसं आहे. मुलांच्या शाळेच्या डायरीतही ‘फॉलो’ बरं दिसतं.

रजेच्या अर्जातही तो लागत नाही, कारण तिथे मागणी तुमची असते आणि ती मान्य करणारे साहेब असतात. ‘काइंडली कम्प्लाय विथ माय लीव्ह’ असं वरच्या अधिकाऱ्याला लिहिणं म्हणजे त्यांनाच हुकूम सोडणं. मागणारा वरचा किंवा बरोबरीचा असेल, किंवा नियम असेल, तेव्हाच हा शब्द शोभतो. खालून वर लिहिताना ‘ग्रँट’ किंवा ‘अप्रूव्ह’ वापरा.

आठवड्याने करायची शेवटची तपासणी

आज वही मिटा. सात दिवसांनी आपल्या पाठवलेल्या मेलमध्ये ‘कम्प्ला’ने सुरू होणारे शब्द शोधा, जुने मेलही घ्या. प्रत्येक वाक्यासाठी एवढंच बघा: मागणी कोणाची होती, ‘विथ’ कुठे आहे, काम खरंच झालं होतं का. ‘विथ’ नसलेली वाक्यं पानाच्या मागच्या बाजूला उतरवून त्यांच्यासमोर दुरुस्त वाक्य लिहा. माझ्या पहिल्या तपासणीत अशी अकरा निघाली होती, त्यातली चार मी दुसऱ्यांना तपासून दिलेल्या पत्रांतली होती.